कांकायनाचं हृदय आणि पुण्यातली अंडी

चरकसंहितेच्या शारीरस्थानात एक चुरशीची चर्चा आहे. आईच्या पोटात गर्भाचा कोणता अवयव आधी घडतो, हा तिचा विषय. कुमारशिरा भारद्वाज म्हणतो डोकं, कारण सगळी इंद्रियं तिथे आहेत. बाल्हीक देशाचा वैद्य कांकायन म्हणतो हृदय, कारण चेतनेचं ठाणं ते. भद्रकाप्य नाभीच्या बाजूचा, कारण आहार तिथून आत येतो. कुणी हातपाय पुढे करतो, कुणी इंद्रियं. मारीचि कश्यप एकटाच म्हणतो की ही गोष्ट डोळ्यांआड घडते, त्यामुळे नुसत्या विचारानं तिचा निर्णय लागणार नाही. शेवटी आत्रेय कौल देतात तो धन्वंतरीच्या मताला: सगळे अवयव एकदमच घडू लागतात.

या सगळ्यांत मला मारीचि कश्यपाचं उत्तर सर्वांत मोलाचं वाटतं. अडचण नेमकी कुठे आहे ते त्यानं ओळखलं होतं. सुश्रुतानं चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं असं सांगून गर्भवतीला दोन हृदयांची म्हटलं. बाहेरून दिसणाऱ्या खुणांवरून याहून जवळ जाणं अवघडच होतं. आज आपल्याला माहीत आहे की माणसाच्या गर्भाचं हृदय गर्भधारणेनंतर साधारण बाविसाव्या दिवशी धडधडू लागतं. बाईची पाळी चुकून तेव्हा जेमतेम आठवडा झालेला असतो. गर्भ दोन-अडीच मिलिमीटरांचा असतो आणि त्याला अजून हात नसतात, पाय नसतात, चेहराही नसतो. कांकायनाचं म्हणणं अगदीच चुकलं नव्हतं: नीट काम करू लागणारा पहिला अवयव हृदयच.

आईच्या पोटात न पाहता हे कळलं कसं? कोंबडीच्या अंड्यातून. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अॅरिस्टॉटलनं उबवायला ठेवलेल्या अंड्यांमधलं रोज एक फोडून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी पांढऱ्या बलकात उडणारा रक्ताचा ठिपका दिसल्याचं लिहून ठेवलं. सतराव्या शतकात विल्यम हार्वीनं तोच ठिपका पुन्हा पाहिला. मार्चेल्लो माल्पिगीनं 1670च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली त्याची चित्रं काढली. तरी दोन हजार वर्षं माणूस फक्त पाहतच होता. ठिपका कधी उडू लागतो ते कळलं. पण तो तिथेच का उडतो, शेजारच्या पेशींचा मेंदू होतो आणि याच पेशींचं हृदय का होतं, हे नुसतं पाहून कळण्यासारखं नव्हतं. त्यासाठी गर्भाचा एक तुकडा काढून दुसरीकडे बसवायचा आणि काय होतं ते पाहायचं, म्हणजे गर्भ अंड्याबाहेर काढूनही जिवंत ठेवायला हवा होता.

हे ज्यांनी साधलं त्यांत कॉनरॅड हॅल वॉडिंग्टन यांचं नाव आधी घ्यावं लागतं. त्यांचे वडील दक्षिण भारतात चहामळ्यावर होते. वॉडिंग्टन यांच्या बालपणाची पहिली वर्षं तिथेच गेली. 1930च्या दशकात केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेत त्यांनी कोंबडीचा कोवळा गर्भ वॉच-ग्लासमध्ये, म्हणजे घड्याळाच्या काचेसारख्या उथळ गोल बशीत, साकळलेल्या रक्तद्रवावर वाढवला. जर्मनीत हान्स श्पेमान यांनी उभयचर प्राण्यांमध्ये दाखवून दिलं होतं की गर्भाचा एक छोटा भाग शेजारच्या पेशींना कामाला लावतो. पक्ष्यांतही तसा भाग आहे, हे वॉडिंग्टन यांनी दाखवलं. गर्भाच्या चकतीवर पहिल्या दिवशी एक रेघ उमटते, तिला आद्यरेषा म्हणतात. तिचा वरचा टोकाकडचा तुकडा दुसऱ्या गर्भात बसवला की तिथे दुसरा मेंदू, दुसरा कणा घडू लागतो. पुढे वॉडिंग्टन एडिनबरा विद्यापीठात गेले. 1952 साली त्यांचं पक्ष्यांच्या गर्भवाढीवरचं पुस्तक आलं आणि एडिनबरा हे या विषयातलं जगातलं एक मोठं ठाणं झालं.

डॉ. लीला मुल्हेरकर तिथे गेल्या. स्वातंत्र्य मिळून दशकही उलटलं नव्हतं, त्या काळात एक मराठी बाई स्कॉटलंडमध्ये वॉडिंग्टन यांच्या हाताखाली कोंबडीच्या गर्भावर पीएच.डी. करत होती, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. आपल्या शालेय पुस्तकांत सी. व्ही. रामन आहेत, जगदीशचंद्र बोस आहेत, आनंदीबाई जोशी आहेत. मुल्हेरकर नाहीत. ते मला खटकतं, आणि हा लेख लिहिण्याचं एक कारण तेही आहे.

1958 साली इंग्लंडमधल्या गर्भविज्ञानाच्या नियतकालिकात त्यांचा प्रबंध-लेख छापून आला. विषय होता कोंबडीच्या गर्भात आद्यरेषेच्या बाजूंना असलेल्या भागांची प्रेरणाशक्ती. सगळी जादू रेषेतच आहे, की तिच्या दोन्ही अंगांच्या पेशींनाही शेजाऱ्याला घडवता येतं? प्रश्न वाटतो त्याहून खोल आहे. अमेरिकेत मेरी रॉल्स यांनी 1943 साली गर्भाच्या चकतीचे बारीक तुकडे करून प्रत्येकातून काय तयार होतं याचा नकाशा काढला होता. त्यात हृदय घडवणाऱ्या पेशी मधोमध नव्हत्या. त्या रेषेच्या वरच्या भागाच्या डाव्या-उजव्या अंगाला, एकमेकींपासून दूर, दोन पट्ट्यांत होत्या. शरीराच्या मध्यावर बसणारं हृदय सुरुवातीला दोन ठिकाणी असतं. रेषेच्या बाजूंना काय घडतं, हा प्रश्न म्हणूनच हृदयाच्या उगमाला अगदी लगटून होता.

याच काळात डेनिस न्यू या इंग्लिश शास्त्रज्ञानं 1955 साली एक नवी पद्धत दिली. आजही ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते आणि पुढे पुण्यातलं काम तिच्यावरच उभं राहिलं. ती नीट सांगतो.

अंडं 38 अंशाच्या आसपास सुमारे 18 तास उबवायचं. मग ते खारट द्रावणाच्या मोठ्या काचपात्रात अलगद फोडायचं. वरचा घट्ट पांढरा बलक चिमट्यानं ओढून काढून टाकायचा. पिवळ्या बलकाचा गोळा उरतो. त्याच्या वरच्या बाजूला एक फिकट गोल चकती असते, तो गर्भ. गोळ्याला एक पारदर्शक पटल वेढून असतं. बारीक कात्रीनं त्या पटलाला गोळ्याच्या मध्यरेषेवरून गोल छेद द्यायचा आणि एका कडेला चिमट्यानं धरून ते हळूहळू सोलत आणायचं. हात सराईत असेल तर गर्भ पटलाला चिकटून वर येतो. नसेल तर पटल येतं आणि गर्भ बलकातच राहतो. मग ते पटल द्रावणातच वॉच-ग्लासवर घ्यायचं, त्यावर काचेचं कडं ठेवायचं आणि पटलाच्या कडा कड्यावर दुमडून, भरतकामाच्या रिंगवर कापड ताणतात तसं ते ताणायचं. वॉच-ग्लास बाहेर काढून जास्तीचं द्रावण टिपायचं, पटलाखाली थोडा पातळ पांढरा बलक घालायचा आणि ओल्या कापसाच्या कड्यासह सगळं झाकणाच्या पेट्री डिशमध्ये ठेवून इनक्युबेटरमध्ये सरकवायचं.

या सगळ्या खटाटोपात गर्भ उलटा होतो. अंड्यात त्याची पाठ वर असते. इथे पोट वर येतं. हृदय पोटाच्या बाजूलाच घडतं. त्यामुळे सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्याला ते अगदी समोर दिसतं, वर काहीही आड येत नाही. ज्या पद्धतीला लागतं काय तर अंडी, काच, मीठपाणी, कात्री, चिमटा आणि एक उबदार पेटी, तिच्यातून जगातला सर्वांत झाकून घडणारा प्रसंग उघड्या काचेत घडताना दिसू लागला. परदेशी चलनाची चणचण असलेल्या देशातल्या नव्या विद्यापीठाला याहून चांगली प्रयोगपद्धत मिळाली नसती.

इंदूरला बी.एस्सी.ला असताना आम्ही कोंबडीचा गर्भ पाहिला तो काचपट्टीवर रंगवून बसवलेला. 18 तास, 24, 33, 48, 72, 96. वहीत चित्र काढायचं, नावं द्यायची, व्हायव्हात ओळखायचं. 33 तासांच्या पट्टीवर हृदय म्हणून दाखवलेली एक वाकडी नळी असायची. ती कशी झाली, काय करत होती, हे विचारायचं आम्हाला सुचलंही नाही. जिवंत गर्भात तोच तास किती गजबजलेला असतो, हे नंतर वाचून कळलं.

पहिल्या दिवसाच्या अखेरीस डोक्याकडचा भाग उचलला जाऊन त्याखाली घडी पडते. घडी पडता पडता दोन बाजूंच्या हृदयपेशींच्या पट्ट्या पोटाकडे, मध्याकडे येऊ लागतात. त्या एकमेकींना भेटतात, जुळतात, आणि एक सरळ नळी होते. मध्येच कुणी त्यांची वाट अडवली तर काय होतं? गर्भाच्या मध्यावर छेद देऊन हा प्रयोग विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच झाला आहे, आणि पुढे अमेरिकेत रॉबर्ट डीहान यांनी तो बारकाईनं केला. दोन्ही बाजूंना एक-एक हृदय होतं. दोन्ही धडधडतात. म्हणजे प्रत्येक पट्टीला आपण हृदय व्हायचं आहे हे भेटीच्या आधीच ठाऊक असतं.

साधारण 33 ते 38 तासांच्या दरम्यान पहिलं आकुंचन होतं. पॅटन आणि क्रेमर यांनी 1933 साली ते बारकाईनं टिपलं: नळीच्या उजव्या कडेला थोड्या पेशी आखडतात, थांबतात, पुन्हा आखडतात. ताल नसतो. तेव्हा हृदयापर्यंत एकही मज्जातंतू पोचलेला नसतो, आणि पुढे ढकलायला रक्तही वाहत नसतं. काही तासांनी लाट नळीभर जाऊ लागते, नळी उजवीकडे वाकते, आणि दुसऱ्या दिवसाच्या अखेरीला रक्ताभिसरण सुरू होतं.

आता पुन्हा मुल्हेरकरांकडे. त्या पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात होत्या. विद्यापीठ 1949 सालचं, म्हणजे तसं कोवळंच. 1960 साली त्यांचा दुसरा लेख आला: काचेत वाढवलेल्या कोंबडीच्या गर्भावर ट्रायपन ब्लू या रंगाचा परिणाम. दक्षिण आफ्रिकेत 1948 साली गाभण उंदीर माद्यांना हा निळा रंग टोचल्यावर पिल्लांत जन्मजात व्यंगं दिसली होती. पण उंदराच्या बाबतीत एक गुंता राहतोच. रंग आईला बाधतो आणि आईमुळे गर्भाला, की थेट गर्भालाच? अंड्यातून काढलेल्या, आई नसलेल्या गर्भावर हाच प्रश्न स्वच्छ विचारता येतो. मला या प्रयोगाची निवड फार समंजस वाटते. पुढच्याच वर्षी, 1961 साली, थॅलिडोमाइडचं प्रकरण उघडकीस आलं. गरोदरपणात घेतलेल्या साध्या झोपेच्या गोळीनं हजारो मुलं हातपाय खुंटलेली जन्मली, त्यांतल्या कित्येकांच्या हृदयातही दोष होते. गर्भावर थेट काय घडतं, हा प्रश्न तेव्हा एका रात्रीत साऱ्या जगाचा झाला. तो पुण्याच्या या संशोधिकेनं आधीच हातात घेतलेला होता.

1960च्या दशकात राव आणि जोशी या सहकाऱ्यांबरोबर मुल्हेरकरांनी गर्भाला आकार येताना प्रथिनांतल्या गंधकयुक्त गटांचं काय काम असतं, हे तपासलं. हाही त्या काळाचा खास प्रश्न होता. जनुकं वेगळी काढून वाचता येत नव्हती. मग गर्भात कोणती रसायनं आकार घडवतात, हे शोधायचं कसं? एखादं रसायन घालून त्या गटांचं काम अडवायचं आणि काय बिघडतं ते पाहायचं. हात अंधारात होता, पण दिशा बरोबर होती: आकाराच्या मुळाशी रेणू आहेत.

मुंबईला त्याच सुमारास वेगळ्याच बाजूनं कुणीतरी गर्भाच्या हृदयाजवळ येऊन पोचलं होतं. के.ई.एम. रुग्णालयातले प्रफुल्लकुमार सेन, तेहेम्टन उडवाडिया, एस. जी. किनरे आणि गुरुकुमार परुळकर यांनी 1965 साली एक कल्पना मांडली. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या तर स्नायूला सुईनं बारीक भोकं पाडावीत, म्हणजे हृदयाच्या पोकळीतलंच रक्त थेट स्नायूत झिरपेल. ही कल्पना त्यांना सापाच्या हृदयावरून सुचली होती. सापाच्या हृदयाची भिंत जाळीदार असते आणि पोकळीतलं रक्त त्या जाळीतून स्नायूला पोसतं. माणसाच्या गर्भातही पहिल्या आठवड्यांत हृदयाची भिंत अशीच जाळीदार असते. हृदयाला स्वतःच्या रक्तवाहिन्या नंतर फुटतात. पुढे 1995 साली उंदरांमध्ये दिसलं की ही जाळी घडायला न्यूरेग्युलिन नावाचा संकेत आणि तो झेलणारी ErbB ग्राही प्रथिनं लागतात. ती नसली तर जाळी होत नाही आणि गर्भ दगावतो. सेन यांच्या चमूनं फेब्रुवारी 1968 मध्ये भारतातलं पहिलं मानवी हृदयारोपण केलं. ते सर्वांना माहीत आहे. भोकं पाडण्याची ही कल्पना मात्र लोक विसरले, आणि मला तीच जास्त कल्पक वाटते.

रेणूंची नावं कळू लागली ती 1990 नंतर, आणि ती आली फळमाशीतून. रॉल्फ बोडमर यांना एक जनुक सापडलं. ते नसलेल्या माशीत हृदयच घडत नव्हतं. 1993 साली त्यांनी ते सविस्तर मांडलं. एका जुन्या अमेरिकी बालकथेतल्या हृदय नसलेल्या पत्र्याच्या माणसावरून त्याला टिनमॅन म्हणू लागले. माशीचं हृदय म्हणजे पाठीतली एक नळी. तरीही त्याच वर्षी उंदरात त्याचा सख्खा भाऊबंद, एनकेएक्स 2-5, सापडला आणि तोही हृदयातच काम करत होता. उंदरात तो नसेल तर नळी होते, धडधडते, पण वाकत नाही, आणि गर्भ दहाव्या दिवसाच्या आसपास मरतो. माशी आणि उंदीर यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, पण हृदय घडवण्याचं हे जुनं सूत्र दोघांनी जपून ठेवलं.

पण मग हे जनुक कुठल्या पेशीत जागं व्हायचं, हे कोण ठरवतं? इथे पुन्हा कोंबडी लागली. थॉमस शुल्थाइस आणि अँड्र्यू लासर यांनी 1995 साली आद्यरेषेच्या मागच्या टोकाच्या पेशी घेतल्या. एरवी त्यांचं रक्त व्हायचं. त्यांना गर्भाच्या पुढच्या भागातल्या अंतःस्तराच्या, म्हणजे सर्वांत आतल्या थराच्या, शेजारी ठेवलं, तर त्या हृदय झाल्या आणि धडधडू लागल्या. म्हणजे शेजारच्या थरातून काहीतरी येत होतं. 1997 साली त्यातल्या एका प्रथिनाचं नाव हाती आलं, बीएमपी. बीएमपीत भिजवलेला मणी हृदयाच्या पट्टीच्या बाहेर ठेवला, तर तिथेही हृदयाची जनुकं जागी झाली. बीएमपीला अडवणारं नॉगिन नावाचं प्रथिन दिलं, तर हृदय घडणंच थांबलं. 2001 साली दोन गटांनी, एकानं कोंबडीत आणि एकानं बेडकात, दुसरी बाजू दाखवली: कण्याकडून येणारे विंट नावाचे संकेत हृदयाला मनाई करतात, आणि अंतःस्तर त्या मनाईला अडवणारी प्रथिनं सोडतो. एका बाजूनं होकार येतो, दुसऱ्या बाजूनं नकार, आणि त्या नकाराला तिसरा कुणी थोपवतो. या तिन्हींच्या मध्ये जी जागा उरते, तिथे हृदय होतं. मेरी रॉल्स यांच्या नकाशातल्या दोन पट्ट्या का तिथेच आहेत, याचं उत्तर असं सुमारे 60 वर्षांनी मिळालं.

हृदय उजवीकडे का वाकतं, तेही कोंबडीतच उमगलं. 1995 साली क्लिफ टॅबिन यांच्या गटानं दाखवलं की आद्यरेषेच्या टोकाला असलेल्या गाठीच्या फक्त डाव्या बाजूला सॉनिक हेजहॉग हे प्रथिन तयार होतं. ते उजव्या बाजूलाही दिलं, तर हृदयाला दिशा कळेनाशी होते: काही गर्भांत ते उजवीकडे वाकतं, काहींत डावीकडे. मार्गारेट कर्बी यांनी तर 1983 सालीच, कुठल्याही जनुकाच्या मदतीशिवाय, नुसत्या सुईनं कोंबडीच्या गर्भातल्या मानेजवळच्या मज्जाशिखा-पेशी काढून टाकल्या होत्या. त्या हृदयांतून निघणारी एकच मोठी वाहिनी दोन भागांत विभागली गेली नाही. हाच दोष काही बाळांत जन्मतः असतो. डोक्याच्या मागून निघालेल्या पेशी चालत चालत हृदयापर्यंत येऊन तिथली भिंत घालतात, हे सुईनं कळलं, जनुकांनी त्याला नावं दिली.

मला इथे थोडं थांबायचं आहे. रेणूंचा हा सगळा इतिहास वाचताना असं वाटू शकतं की खरं ज्ञान 1993 पासूनचं आणि त्याआधीचे लोक चाचपडत होते. मी तसं मानत नाही. शेजारचा थर पेशींना कामाला लावतो, बाजूच्या पट्ट्यांना आपलं काम आधीच ठरलेलं असतं, गर्भ थेट बाधला जातो, हे सगळं वॉच-ग्लासवाल्यांनी कात्री-चिमट्यानं आधीच सिद्ध केलं होतं. नावं नंतर आली. नावं मिळायला त्यांनी तयार केलेली पद्धतच लागली.

या ज्ञानाचा आपल्या घरांशी काय संबंध? फार मोठा आहे. जन्मलेल्या दर हजार बाळांत आठ-नऊ बाळांना हृदयाचा काही ना काही दोष असतो. इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्यनगरात असं बाळ जन्मलं, की अजूनही कुणी ना कुणी सुनेला विचारतं, ग्रहणात काही चिरलं होतंस का? ती बिचारी आठवून आठवून झुरते. हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी हात जोडून सांगू इच्छितो की हृदय जेव्हा घडत होतं, तेव्हा तिला आपण गरोदर आहोत हेही धड ठाऊक नव्हतं. 1997 साली टीबीएक्स 5 या जनुकातल्या बिघाडामुळे हात आणि हृदय दोन्ही बिघडतात हे कळलं. 1998 साली काही कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या हृदयातल्या छिद्राचं आणि बिघडलेल्या तालाचं मूळ एनकेएक्स 2-5 मध्ये सापडलं. 2003 साली गाटा 4 या तिसऱ्या जनुकातल्या बिघाडामुळे हृदयाच्या पडद्यांत छिद्र राहतं हे दिसलं, आणि त्यातला एक बिघाड असा होता की गाटा 4 आणि टीबीएक्स 5 ही दोन प्रथिनं एकमेकांना नीट धरू शकत नव्हती.

बाहेरची कारणंही आहेत, आणि त्यांच्यावर उपाय आहे. ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरनं 1941 साली पाहिलं की गरोदरपणाच्या सुरुवातीला रूबेला झालेल्या आयांच्या बाळांना मोतीबिंदू आणि हृदयदोष होतात. आपल्याकडे 2017 साली गोवर-रूबेलाची मोठी लसीकरण मोहीम सुरू झाली, तेव्हा शाळांतून अफवा पसरल्या आणि काही पालकांनी मुलांना लस देऊ दिली नाही. त्या लसीत पुढच्या पिढीची हृदयं होती. हे त्यांना कुणी नीट सांगितलं असतं, तर बरं झालं असतं. गरोदरपणाआधी साखर आटोक्यात आणणं हेही तसंच. मधुमेही आईच्या गर्भात हृदयदोषाची शक्यता वाढते, आणि ती वाढते ती नेमकी त्या पहिल्या आठवड्यांत.

पुण्यात मुल्हेरकरांनी सुरू केलेली गर्भविज्ञानाची परंपरा पुढे चालली. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या, 1992 पासून आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनी न्यू यांच्या पद्धतीनं वाढवलेल्या कोंबडीच्या गर्भात रेणूंच्या पातळीवर काम केलं. 2001 साली त्यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या एका लेखात दाखवलं होतं की एफजीएफ नावाचे संकेत नसतील, तर गर्भाची मज्जासंस्था आणि मध्यस्तर सुरुवातीलाच अडखळतात. मध्यस्तर म्हणजे ज्यातून हृदय घडतं तोच थर. पुढच्याच वर्षी अमेरिकेतून एका कोंबडीच्याच प्रयोगात कळलं की बीएमपीच्या जोडीला एफजीएफ 8 हाही हृदयाला होकार देणारा संकेत आहे.

घासकडबी यांच्या गटाची दुसरी आवड हायड्राची. गोड्या पाण्यातला हा केसासारखा बारीक जीव, त्याला ना हृदय, ना रक्त. पण 2003 साली जपानमधल्या शास्त्रज्ञांनी पाहिलं की हायड्राच्या देठाचा खालचा भाग आखडत-सैल होत आतला द्रव ढकलतो, आणि त्या भागात टिनमॅनचा एक दूरचा नातलग जनुक जागा असतो. हृदय घडवणारं सूत्र हृदयाहून जुनं आहे, असा त्याचा अर्थ. पुण्यात 2010 साली हायड्रातलं नॉगिनचं जनुक वेगळं काढलं गेलं. तेच नॉगिन, ज्यानं कोंबडीच्या गर्भात बीएमपीला अडवून हृदय थांबवलं होतं. हायड्राचं हे नॉगिन बेडकाच्या गर्भात घालून पाहिलं, आणि तिथेही ते काम करतं असं आढळलं. ज्या प्राण्याला हृदयच नाही, त्याच्याकडे हृदयाला हो-नाही सांगणारे संकेत कशासाठी होते आणि हृदयाच्या कामी ते नेमके केव्हा जुंपले गेले, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.